बर्फाला विरजण

पोस्टिंग आली तेव्हा नागपूर असं तापलं होतं, की धंतोलीच्या आमच्या ओट्यावर मी पापड नुसते ठेवून भाजले. सात महिन्यांनी भर हिवाळ्यात मी तेरा हजार फुटांवर होतो. तिथली थंडी काय सांगू! सकाळचा चहा मिशीत गोठायचा. तो आम्ही दुपारी चघळायचो.

पोस्टवर आठ जण. रॉकेलचा स्टोव्ह एक, डेगची एक. डेगची इनॅमलची, पांढरी, निळ्या काठाची, आणि एवढी अजस्र की सुभेदारसाहेब तीत पोहायला शिकले अशी वदंता होती. तिचा धनी सिपाही कुक गुलाब, सावनेरचा. रोज तो तिला टिचकी मारी आणि कान लावून ऐके. नाद स्वच्छ आला तरच समाधान. राखेनं घासू देत नसे, लोखंडी पळी लावू देत नसे.

"टवका उडाला का भोक पडते," तो बजावे. "मंग चाटत बसा बर्फ आठही जन."

पाणी बर्फ वितळवूनच मिळे. पण तापल्या डेगचीत कोरडा बर्फ पडला तर इनॅमल तडकतं. म्हणून आधी तळाशी थोडं पाणी, मग मूठमूठ बर्फ. तेवढं पाणी रोज मागे ठेवायचं, दह्याचं विरजण ठेवतात तसं. बाटलीही इनॅमलची, वर फेल्टचं कव्हर. गोठू नये म्हणून पाळीपाळीनं ती कुशीत घेऊन झोपायचं.

त्या दिवशी पाळी माझी होती. 0615 वाजता मी ते पाणी पिऊन टाकलं.

0640 वाजता वायरलेसवर निरोप आला, "रस्ता बंद. तीन दिवस माल नाही. ओव्हर."

0700. स्टोव्हची वेळ. तेल दिवसाला एका तासापुरतंच.

"विरजण?" सुभेदारसाहेब.

"गळलं, साहेब. बाटली फुटकी आहे."

गुलाबनं बाटली घेतली, कव्हर सारलं, टिचकी मारली. टण्ण! शत्रूच्या पोस्टपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बूच ढिलं राहिलं असन, साहेब."

मग बाजूला येऊन हळूच, "तहान लागली होती तं मले काहून नाही सांगितलं गा?"

त्यानं बाटलीत बर्फ ठासला आणि शर्टाच्या आत उघड्या पोटाशी धरली. वितळला की पुन्हा ठासला. असं पाच वेळा.

"दे, थोडा वेळ मी धरतो," मी म्हणालो.

"तू पेऊन टाकशीन."

0925 वाजता स्टोव्ह पेटला. डेगची शाबूत राहिली, आठही जणांना चहा मिळाला. गुलाबच्या पोटावर बाटलीएवढा काळानिळा चट्टा होता. फौजेत मी पराक्रम पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे माझेच. पण याच्या पंगतीला एकही बसत नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी, 1420 वाजता, वरचा बर्फाचा कडा सुटला. गुलाब तिथे स्वच्छ बर्फ भरायला गेला होता. दोन तास खणल्यावर सापडला.

त्याच्या सामानाची पेटी घेऊन मी सावनेरला गेलो. माय दारातच बसली होती.

"तिकडं पान्याचे लय हाल होते म्हणे?"

"गुलाबनं होऊ दिले नाहीत, माय." त्यानं पोटाशी धरलेल्या बाटलीचं मी सगळं सांगितलं, फक्त आधीचं पाणी कुणी पिऊन टाकलं ते सोडून.

ती म्हणाली, "ते पानी पेलं कोनं होतं?"

"मी."

माय उठली, आत गेली. माठातलं तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं.

"पी बापू. लांबून आला तू."