बाटली पाजत कुऱ्हाड चालवता येते का?

मुखेडला डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं महिन्यातून दोन रविवार दुपारी जमतो आणि तीन वर्षं झाली, एकच गोष्ट खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कागदावर त्याचं बळ, अक्कल, जीव किती ते लिहायचं. एकजण गोष्ट सांगत जातो: समोर गुहा आहे, दारात राक्षस उभा आहे, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं, वीस तोंडांचा फासा टाकायचा आणि तो म्हणेल ते सोसायचं.

गोष्ट सांगतात ते लातूरचे सर. शाळेत गणित शिकवतात. हे वेड त्यांनी पुण्याच्या होस्टेलवरून आणलं. त्यांची थोरली बहीण लातूरलाच दवाखान्यात सिस्टर आहे. ती आणि मी नांदेडला एका खोलीत राहून शिकलो, म्हणून मी यात ओढली गेले. मी तिथंच नांदेडला कॉलेजात ग्रंथपाल आहे. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, देवणीकडचे, सरांचे वर्गमित्र. मुखेड डॉक्टर सोडून सगळ्यांनाच सारखं गैरसोयीचं, म्हणून कुणाची तक्रार नाही.

खेळात मी जादूगारीण. सिस्टर चोर. "आठवडाभर लोकांना बरं करते, रविवारी तरी नको," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. डॉक्टर बुटके योद्धे, दोन हातांनी धरायची कुऱ्हाड घेतलेले. तीन वर्षांत त्या बुटक्यानं कुऱ्हाड एकदाही खाली ठेवली नव्हती. राजाच्या दरबारात शस्त्रं बाहेर ठेवायला सांगितली, तर हे स्वतःच बाहेर बसून राहिले.

भांडण झालं ते नव्या आवृत्तीवरून. मागच्या वेळी खेळ थांबला तेव्हा माझी जादूगारीण गुहेच्या तोंडाशी बेशुद्ध पडली होती. वर राक्षस उभा, आणि जीव आणणाऱ्या औषधाची एकुलती एक बाटली डॉक्टरांच्या बुटक्याच्या कमरेला. पंधरा दिवस मी अशीच पडून. त्या रविवारी सर आले ते खेळाचं नवं पुस्तक घेऊन.

"जुन्या पुस्तकात बाटली पाजली की तुझी पाळी संपली," सर डॉक्टरांना म्हणाले. "नव्या पुस्तकात बाटली पाजायची आणि त्याच पाळीत कुऱ्हाडही हाणायची. आता लई सोपं झालंय."

मला वाटलं, चला, सुटले. पण डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"सोपं? सहा सेकंदाची एक पाळी असतीय ना? सहा सेकंदात बाटली पाजून वर कुऱ्हाड? मी बैलाला औषध पाजतो तर दोन माणसं शिंगं धरायला लागतात!"

"अरे, या मॅडम आहेत, बैल न्हाईत."

"ते मला कळून राहिलंय. पण नियम म्हणजे नियम. तीन वर्षं जुन्यावर खेळलो, आता मधीच बदलायचं?"

मी ग्रंथपाल म्हणून तोंड घातलं. सुधारित आवृत्ती आली की जुनी मागच्या कपाटात जाते, असं काहीतरी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "आणि पोरं कुठली मागतात?" खरं म्हणजे पोरं जुनीच मागतात.

शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. करून बघू. त्यांनी मोटरसायकलचं हेल्मेट घातलं, कारण बुटक्याला शिरस्त्राण असतं. हातात खोऱ्याचा दांडा घेतला. जनावरांच्या टॉनिकची रिकामी बाटली धुऊन तीत पाणी भरलं आणि कमरेला खोचली. अंगणात सतरंजी टाकून मला तिच्यावर बेशुद्ध पाडलं. सिस्टर मिटलेली छत्री घेऊन राक्षस झाली. सरांनी मोबाइलवर घड्याळ लावलं.

पहिल्या खेपेला झाकणच निघालं नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ते दातांनी काढायचं ठरवलं आणि हेल्मेटची काच वर करायला विसरले. तिसऱ्या खेपेला झाकण निघालं, एका हातात दांडा उगारलेला, दुसऱ्या हातानं अख्खी बाटली माझ्या नाकात. मी ठसकून उठून बसले.

"थांबा!" राक्षसानं छत्री फेकली. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात असं काही ओततात का? फुप्फुसात जातं ते! माझ्या वॉर्डात कुणी असं केलं तर मी त्याला बाहेर काढीन."

"अक्का, ते जादूचं औषध आहे," सर म्हणाले.

"जादूचं असलं तरी पातळ आहे ना?"

गोष्टीत सर वादळं आणतात, राजे मारतात, पण बहिणीपुढं त्यांचं काही चालत नाही.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. बरोबर दोरीला शेळी, शेळीचं पोट डाव्या बाजूनं टम्म. म्हातारीनं हेल्मेट बघितलं, दांडा बघितला, ओली होऊन सतरंजीवर बसलेली मी बघितली.

"काय झालं, डाक्टर? बाईला मारून राहिलाव का?"

"न्हाई मावशे, वाचवून राहिलो."

"बरं. मग आधी माझी शेळी वाचवा. सकाळपून फुगलीय."

डॉक्टरांनी दांडा टाकला आणि आतून तेलाची बाटली आणली. हेल्मेट काढायचं राहूनच गेलं. सिस्टरनं शेळीचं तोंड धरलं, मी मागचे पाय, म्हातारीनं दोरी. डॉक्टर थोडं पाजायचे, थांबायचे, ती गिळते का बघायचे, परत थोडं. मग बराच वेळ पोट चोळलं. शेवटी शेळीनं असा ढेकर दिला, की सर दोन पावलं मागं सरले. त्यांच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी म्हातारीला सरळ विचारलं, "मावशे, एका हातात कुऱ्हाड धरून दुसऱ्या हातानं औषध पाजता येतंय का?"

म्हातारीनं खरंच विचार केला. "कुऱ्हाड कशाला पाहिजे? खाली ठेवा की ती," म्हणाली, आणि शेळी घेऊन गेली.

नियम सिस्टरनं सांगितला आणि सरांनी वहीत लिहून घेतला. बेशुद्ध माणसाला आधी कुशीवर वळवायचं. औषध ओतायचं नाही, बोटानं गालाच्या आत चोळायचं. दोन्ही हात रिकामे पाहिजेत. अख्खी पाळी त्यातच जाणार. जुन्या पुस्तकाहून हे कडक होतं, पण डॉक्टर खूश होते. "ह्याला म्हणतात नियम!"

मग आम्ही आत जाऊन खेळायला बसलो. पहिली पाळी डॉक्टरांची. राक्षस समोर, मी पायाशी. वहीतला नियम आता त्यांच्या नीट ध्यानात आला होता.

"काय करतोस?" सरांनी विचारलं.

"मॅडम मरून राहिल्या ना..." डॉक्टर हळूच म्हणाले. "ठेवली. कुऱ्हाड खाली ठेवली."

माझ्या जादूगारणीनं डोळे उघडले. मग राक्षसाची पाळी. सरांनी फासा टाकला आणि तो विसावर थांबला. बुटका एका घावात गेला. मी आग फेकली, सिस्टरनं मागून सुरा घातला, राक्षसही पडला. पण दुसरी बाटली कुणाकडं नव्हती.

डॉक्टरांनी बुटक्याच्या कागदाची चारपदरी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. "माझ्यामुळं झालं," मी म्हणाले.

"तसं न्हाई, मॅडम." ते आलं किसत होते. मग म्हणाले, "नव्या पुस्तकानं खेळलो असतो तर वाचला असता न्हाई का तो?"

"वाचला असता बहुतेक."

"हां," म्हणाले, आणि आलं चहात टाकलं.

पुढच्या खेपेला ते स्वतःचं नवं पुस्तक घेऊन बसले होते, जागोजागी कागदाच्या खुणा घातलेलं. नवीन पात्रही तयार होतं, पुन्हा बुटकाच. जग बदलतं, माणसानं बदलावं, असं त्यांचं म्हणणं. पण एव्हाना सरांना वहीतला नियम इतका आवडला होता, की ते म्हणाले, "मधीच बदलायचं न्हाई." पुन्हा दोन तास भांडण. शेवटी हात वर करून मतं घेतली. सर आणि सिस्टर एकीकडं, डॉक्टर एकटे. नवं पुस्तक बरं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी डॉक्टरांच्या बाजूनं हात वर केला.