लूबाई पात्याबद्दल काय म्हणाली

हे मी आईला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. ज्या घरात ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या घरात मी अजूनही जाते, जेवते, हसते — आणि तिथंच ते सगळ्यात घट्ट दाबून ठेवलंय. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून. ते शेवटी सांगते.

मी निरगुडसरची. मंचरला कॉलेज केलं, पुढं पुण्याला गेले आणि हौसेनं चिनी भाषेचा क्लास लावला. त्या हौसेवरच पुढं पोट भरू लागलं. चीनला माल घ्यायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून जायचं — ते काय म्हणतात हे यांना सांगायचं, हे काय म्हणतात ते त्यांना. गावात याचं केवढं कौतुक! माझा चुलतभाऊ दत्तादादा पाव्हण्यांसमोर मला उभीच करायचा. "आमची माधुरी चिनी बोलती. बोल गं जरा!" मी दोन वाक्यं बोलले की सगळे खो-खो हसायचे. त्याची बायको, सुनंदावहिनी, तेवढी हसायची नाही. म्हणायची, "हसता काय? तुमाला येतंय का?"

या वहिनीला लक्षात ठेवा.

आळेफाट्याला शेतीच्या अवजारांचं दुकान असलेले एक व्यापारी होते. त्यांना सगळे भाऊच म्हणायचे, मीही. एका वर्षी भाऊंनी ठरवलं, मधला दलाल नको, आपणच जाऊन माल बघायचा. आम्ही गेलो ते चच्यांग प्रांतात. समुद्राला लागून असलेला, चीनच्या नकाशात अगदी लहान दिसणारा प्रांत. पण तिथं पोचल्यावर भाऊंचं तोंड जे उघडलं ते दोन दिवस मिटलंच नाही. एका गावात नुसते मोजे. घरोघरी मोजे, गल्लीगल्लीत मोजे, सगळ्या जगाचे पाय तिथं येऊन उभे राहतील इतके. दुसऱ्या गावात बटणं. तिसऱ्यात गळ्यातले टाय. इवू नावाच्या शहरातला बाजार तर असा, की चालून पाय दुखतात आणि बाजार संपत नाही. आपल्या जत्रेतली खेळणी, देवाच्या मूर्तीमागची दिव्यांची माळ, सगळं तिथलं. तो सगळा माल निंगपो बंदरातून बोटीवर चढतो आणि आपल्याकडं न्हावाशेव्याला उतरतो.

"आपल्याकडं ओतूरला कांदा, नारायणगावला टमाटा," भाऊ म्हणाले, "आन् ह्यांच्याकडं गावागणिक कारखाना. राव, ही मान्सं झोपत्यात कवा?"

आम्हाला हवं होतं ते युंगखांगला. ते लोखंडी सामानाचं शहर — कुलपं, दरवाजे, थर्मास, करवती आणि भाऊंना हवे होते ते ग्रास कटर. खांद्याला अडकवायचं इंजिन, लांब दांडा आणि टोकाला गरगर फिरणारं गोल पातं. बांधावरचं गवत कापायला आपल्याकडं आता घरोघरी असतं.

कारखान्यात जायच्या आधी, सकाळी नाश्त्याला, एक गोष्ट घडली. क्षुल्लक. भाऊंनी मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपवर मराठीत विचारलं, "चहात साखर हाय का?" आणि मोबाइल चिनीत बोलला. वेटरनं लगेच साखर आणली. भाऊ हसून हसून लाल झाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, आता तुमचं काय काम?"

चेष्टा होती. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला ते असं लागलं, की मी म्हणाले — भाऊ, साखर मागता येईल त्यावर, पण कारखान्यातली बोली त्याला झेपत नाही. त्याला माणूसच लागतं.

कारखान्याची मालकीण लू नावाची बाई होती. पन्नाशीची, आखूड केसांची, मोठ्यानं बोलणारी. तिनं टेबलावर दोन प्रकारची पाती ठेवली. भाऊंनी त्यातलं एक उचललं, नखावर घासून बघितलं. धार त्यांना फारच आवडली. तेव्हा लूबाई माझ्याकडं वळून भरभर काहीतरी सांगू लागली. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता — त्स्वे. हा शब्द मला येत होता. पण मला तो येत होता खाण्याच्या गोष्टींबद्दल. बिस्कीट त्स्वे असतं, भाजलेला शेंगदाणा त्स्वे असतो. कुरकुरीत. आता पोलादाचं पातं कुरकुरीत कसं असेल?

विचारायला हवं होतं. "बाई, हे मला समजलं नाही, पुन्हा सांगा." एवढंच. पण भाऊ शेजारी उभे होते — आणि त्यांचा मोबाइल टेबलावर.

"काय म्हणती?" भाऊंनी विचारलं.

मी म्हणाले, "म्हणते, पातं एकदम कडक आहे."

"कडक? कडकच पायजे! हेच घेऊ."

इतकी वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आले. शब्द समजला नाही, अंदाजानं बोलले, चूक झाली. दुभाष्याकडून होते अशी चूक. तुम्हीही हे वाचून म्हणाल, जाऊ दे, माणूस आहे. नाही का?

पण ते खरं नाही. खरं म्हणजे — थांबा, हे लिहितानाही हात मागं येतोय.

लूबाई फक्त बोलली नाही. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं, की माझं काहीतरी अडलंय. तिनं टेबलावरचा कागदावर ठेवायचा दगडी ठोकळा उचलला. ते पातं त्याच्यावर हळूच आपटल्यासारखं केलं, आणि मग दोन्ही हात एकदम फाकवले — फाट्! — आणि एका हाताची बोटं स्वतःच्या तोंडाच्या दिशेनं उडवली. मग दुसरं पातं पुढं सरकवलं आणि माझ्याकडं बघत विचारलं, "मिंगपाय मा?" समजलं ना?

याला कुठली भाषा लागते? शेंबडं पोर समजलं असतं. हे पातं मऊ गवताचं, ओल्या चिखलातल्या बांधांचं. दगडाला लागलं तर फुटेल. दगडाचं रान असेल तर ते दुसरं घ्या. मला त्याच क्षणी सगळं समजलं — पात्याच्या बाबतीत त्स्वे म्हणजे ठिसूळ. आमच्या बांधांवर काय आहे हे मला माहीत नाही? मी त्याच दगडांवर खेळून मोठी झाले. पण "कडक" हा शब्द तोंडातून गेला होता, भाऊ खूश झाले होते. आता मागं वळायचं म्हणजे त्यांच्यासमोर म्हणायचं, की मघाशी मी ठोकून दिलं.

मी लूबाईला म्हणाले, "मिंगपाय." समजलं.

बस. एवढंच. माल आला. भाऊंच्या दुकानात ग्रास कटर धडाधड खपले. दत्तादादानं मला विचारलं, घेऊ का? मी म्हणाले, घे की, मी स्वतः कारखाना बघून आलेय. भीती वाटली नाही? वाटली. पण पहिला महिना गेला, दुसरा गेला, कुणाचं काही आलं नाही, आणि मी विसरले. खरंच विसरले — हे मला आजही सगळ्यात विचित्र वाटतं.

भाद्रपदात गवत कमरेएवढं होतं. दादा विहिरीकडच्या बांधावर गवत कापत होता. वहिनी त्याला जेवायला हाक मारायला गेली. इंजिनच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून थोडी जवळ गेली, हात वर करून. तेवढ्यात पातं गवतात लपलेल्या दगडाला लागलं. दादा म्हणतो, बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. त्यानं मान वर केली तर वहिनी खाली बसलेली होती, दोन्ही हात तोंडावर.

मंचर, तिथून पुणे. उजवा डोळा गेला.

वहिनी द्राक्षबागांत विरळणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम होती. घडातले नको ते मणी कात्रीनं काढून टाकायचे, बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, असं नजरेचं काम. तिच्याएवढा हात नारायणगावच्या बागांत कुणाचा चालत नव्हता. एका डोळ्यानं अंतर कळत नाही हो. कात्री मण्याच्या पुढं जाते, नाहीतर अलीकडंच मिटते. थोडे दिवस तिनं करून बघितलं, मग सोडलं.

आता एका फोनचं सांगते. पातं फुटलं ती माझी भेकडगिरी होती. पण फोन — त्याला काय नाव द्यायचं मला अजून सापडलेलं नाही.

भाऊ हादरून गेले होते. विकलेलं एकेक पातं त्यांनी घरोघर जाऊन परत आणलं. मग एके दिवशी दुपारी त्यांनी मला आणि दादाला दुकानात बोलावलं. म्हणाले, "त्या बाईला फोन लावा. इचारा तिला, आसला माल का दिला. दत्तूला ऐकू द्या."

मी लावला. भाऊंनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. मी लूबाईला काय झालं ते सांगितलं. ती बोलू लागली — मोठ्यानं, नेहमीसारखी, आणि मध्येच तिचा आवाज फुटला. ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. दगडावर आपटून दाखवलं होतं. तू म्हणालीस समजलं. तू त्यांना सांगितलं नाहीस का?"

तिचा आवाज सगळ्या दुकानात भरला होता. भाऊ ऐकत होते. दादा ऐकत होता. तिचा एकेक शब्द त्यांच्या कानांवर पडत होता, आणि त्या खोलीत तो फक्त मला कळत होता.

दादानं विचारलं, "काय म्हणती गं?"

आणि मी म्हणाले, "म्हणते, आमची चूक झाली. माफ करा."

दादानं मान खाली घातली. रडला. "निदान मान्य तरी केलं बाईनं," म्हणाला.

लूबाई तिकडून विचारत होती, "ती बाई कशी आहे? डोळा वाचला का?" मी तिला चिनीत सांगितलं, वाचला, ठीक आहे आता. का? तिनं फोन ठेवावा म्हणून. एका बाजूला एक खोटं, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मधे मी. त्या दिवशी माझं चिनी कुठंच अडखळलं नाही. घरी येताना एस.टी.त मला धक्का बसला होता तो याचाच — किती सहज जमलं! कपाळावर घामसुद्धा नाही.

भाऊ म्हणाले, "ताई, तुमी तरी काय करणार, चायनाचा मालच तसला." मी म्हणाले, "हो ना, भाऊ." त्यांनी त्या बाईकडून माल घेणं बंद केलं आणि बाजारात सगळ्यांना सांगितलं. आमच्या भागातून तिच्याकडं पुन्हा कुणी गेलं नाही. चच्यांगमध्ये बसलेली ती बाई आमच्या दोन तालुक्यांत लबाड ठरली. तिच्याबद्दल कुणी वाईट बोलायला लागलं की मी अजूनही मान हलवते.

आणि वहिनी? वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्या वन्संनी त्या चिनी बाईकडनं माफी मागून घेतली. फोनवर. सगळ्यांसमोर."

परवा भाऊबीजेला गेले होते. ओवाळून झालं, दादा बाहेर गेला. वहिनी चहा गाळत होती. मी कप पुढं धरला. तिनं पातेलं वाकडं केलं आणि चहाची धार कपाच्या बाहेरून माझ्या हातावर पडली. चटका बसला, मी ओरडले. वहिनीनं पातेलं खाली टाकलं. माझा हात आपल्या पदरात धरून ती फुंकर घालायला लागली. दुसऱ्या डोळ्याला पाणी आलं होतं तिच्या. सारखं म्हणत होती, "वन्सं, माफ करा. मला मेलीला दिसतच न्हाई. माफ करा हो."

मी म्हणाले, "असू द्या, वहिनी."

मी तिला माफ केलं.