टेम्पो न बोलावता: वायुराजवर नगर ते राहाता आणि परत

आधी वादाचं बोलून घेते, म्हणजे पुढची सहल का केली ते कळेल. माझी जुनी वायुराज सायकल माझ्या नवऱ्याने आणि मुलाने मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. मी तेव्हा कामावर होते. त्याच्या थोडं आधी गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेले होते, डॉक्टरांनी जिने कमी चढा आणि मांडी घालून बसू नका एवढंच सांगितलं होतं. सोबत आलेल्या सुभाषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरी येईपर्यंत त्याचं "सायकल बंद" करून टाकलं. नागापूरच्या एमआयडीसीत मी त्याच सायकलवर वर्षानुवर्षं गेले आहे. संध्याकाळी परत आले तर जिन्याखालची जागा झाडून स्वच्छ केलेली. सुभाष म्हणाला, "बघ, किती मोकळं वाटतंय."

मग कळलं की बंद पडलेली वायुराज कंपनी नव्या मालकांनी उठवली आहे आणि आता विजेवरच्या सायकली काढते आहे. पळत्या घोड्याचं चिन्ह तेच, हिरवा रंग तोच. मुलगा वैभव म्हणाला, नाव जुनं आणि माल बाहेरचा. असेल. फेसबुकवरचे सायकलवाले म्हणाले, मोटर लावली की ती सायकल राहत नाही. त्यांचे गुडघे पंचविशीतले आहेत, त्यांचं मी मनावर घेत नाही. कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, माल हातात घेतल्याशिवाय पास की रिजेक्ट ते सांगत नाही. पुण्याला त्यांच्या दुकानात जाऊन सांगाड्याच्या जोडांवरून बोट फिरवलं, एक चक्कर मारली आणि माझ्या पगारातून घेतली.

राहात्याला माझी चुलत बहीण मंदाताई राहते. दाजींची पेरूची बाग आहे. तिचा फोन आला, दसऱ्याला ये. मी म्हटलं, येते, सायकलवर. वैभव जेवता जेवता थांबला.

"आई, कोल्हारला अडकशील आणि मला टेम्पो घेऊन यावं लागेल."

"यावं लागलं तर?"

"तर ही विकायची. परत सायकलचं नाव काढायचं नाही."

"आणि टेम्पो न लागता घरी आले तर तुम्ही दोघं माझ्या वस्तूला हात लावायचा नाही."

"ठरलं," वैभव म्हणाला. सुभाष शेंगा फोडत होता. साक्षीदार म्हणून त्याने मान हलवली.

अष्टमीला उजाडता उजाडता नगरमधल्या आमच्या सावेडीतून निघाले. नागापूर मागे टाकलं की विळद घाटाचा उतार लागतो आणि गाडी आपोआप पळते. जाताना नगरकडून उतार आहे, म्हणजे येताना चढ, हे निघण्याआधी लक्षात घ्या. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काय सांगणार? या रस्त्याच्या खड्ड्यांवर इतकी आंदोलनं झाली आहेत की खड्ड्यांनाच पेन्शन लागू करायला हरकत नाही. डावी कड धरून चला, आरसा लावा, आणि उसाचा ट्रॅक्टर मागून आला तर मानपान न बघता खाली उतरा.

मोटरीला पाच पायऱ्या आहेत. मी दुसरीवर ठेवली होती. पायडल आपणच मारायचं, मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय एवढंच वाटतं. गुडघे गप्प होते. राहुरीपर्यंत मी इतकी खूश होते की चुकून एका मोपेडवाल्याला मागे टाकलं. तो पुढच्या चौकात मला गाठून विचारून गेला, "बाई, ही सायकल हाय का गाडी?" मी म्हटलं, दोन्ही.

राहुरीच्या स्टँडजवळ चहा घेतला. हॉटेलवाल्याला विचारून बॅटरी काढली, आत नेऊन चार्जिंगला लावली. ती डब्यासारखी निघते, हातात धरून नेता येते. विजेचे पैसे त्याने घेतले नाहीत, मग मी लाजेकाजेने मिसळ मागवली आणि ती इतकी तिखट निघाली की मीच त्याच्याकडे पाण्याचा जग मागत बसले. कंपनी एका चार्जिंगमध्ये जेवढं अंतर सांगते त्यातला पाऊण भागच खरा धरा, म्हणजे फसगत होत नाही.

बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. ते उठून आले आणि सायकलच्या पुढच्या घोड्याच्या चिन्हावर हात ठेवून उभे राहिले.

"वायुराज. माज्या लग्नात सासऱ्यानं दिल्ती. घड्याळ न्हाई दिलं, पन सायकल दिली. ही कुटं मिळाली?"

"पुन्हा निघाली बाबा. आता विजेवर चालते."

त्यांनी वाकून खाली बघितलं. "पायडल हाय की. मंग काय हरकत न्हाई," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

कोल्हारला प्रवरेच्या पुलावर थांबले. पाणी भरपूर होतं. पुढे बाभळेश्वरपासून रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या सुरू होतात. घ्यायचे तर हिरवट-पिवळे घ्या, पिवळेधमक वरून छान दिसतात आणि पिशवीत रडतात. दुपारी राहात्याला पोचले. मंदाताईने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि नंतर गुडघे दाबून बघितले. "खरं सांग, दुखतंय का?" खरंच दुखत नव्हतं. पाठ मात्र दुखत होती, ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या भागात या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. कारखान्यात आम्ही यंत्रांना हार घालतो, दाजींकडे ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, विळे, खुरपी सगळी रांगेत मांडतात. त्याआधी सगळं धुतात. मी मंदाताईबरोबर पुरणाला बसले होते. बाहेर आले तर अंगणात ट्रॅक्टरच्या शेजारी माझी वायुराज उभी. चकचकीत. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या घोड्याला कुंकू, चाकाखाली लिंबू. दाजींच्या हातात विहिरीच्या मोटरीचा पाईप होता, त्याच्या तोंडावर अंगठा दाबून ते शेवटचा फवारा मागच्या चाकाच्या मधोमध मारत होते.

"सांदीकोपऱ्यातला चिखुल काढला समदा," ते अभिमानाने म्हणाले.

हात जोडून झाले, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मी बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. बॅटरी काढून पुसून परत बसवली. काही नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर एका मुलीने हिंदीत एकच प्रश्न विचारला, जोरात पाणी मारलं का? मग ती म्हणाली की हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे आणि दसऱ्यानंतर पुण्याला आणा. पुस्तिका मी वाचली होती. पण खंडेनवमीला वाहन न धुता उभं ठेवायचं असतं असं कुठल्या पुस्तिकेने सांगितलं तरी आमच्याकडे ते कोण ऐकणार आहे?

दाजींचं तोंड इतकं पडलं की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. "ट्रॅक्टर धुतो तसंच धुतलं गं मी." रात्री जेवणं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "माज्या पिकपमधी टाकतो. सावेडीच्या कोपऱ्यावर उतरवतो. तितून तू पायडल मारत जा घरला. कुनाला कळतंय?"

सांगते, क्षणभर मोह झाला. मग मला माझाच राग आला. तपासणीच्या टेबलावर आयुष्य गेलं, माप चुकलेल्या मालावर कधी सही केली नाही, आणि आता घरच्यांसमोर करायची? "नको दाजी," मी म्हटलं. "पायडल आहे की."

"बॅटरी तरी ठीव हितं. वज्जं कमी हुईल."

"अर्धी गाडी नेली तर वैभव म्हणेल, अर्धी हरलीस."

दसऱ्याच्या पहाटे निघाले. आता प्रामाणिक माहिती: मोटर बंद असलेली ही सायकल जड आहे. लोखंडी पेटी ओढतोय असं वाटतं. सात गिअर आहेत म्हणून जमलं. सपाटीला हलका गिअर, थोड्या थोड्या वेळाने थांबा, शेंगदाण्याचा लाडू जवळ ठेवा. बाभळेश्वरपर्यंत गाणी म्हटली, कोल्हारपर्यंत दाजींच्या पाईपला शिव्या दिल्या, राहुरीपर्यंत काहीच केलं नाही. तिथे गुडघा बोलायला लागला. मी त्याला कापडी पट्टी बांधली आणि सावलीत पाय पसरून बराच वेळ बसले. वैभवचा फोन आला, "कुठे आहेस? येऊ का?" त्याचा आवाज काळजीचा होता, टोमण्याचा नव्हता, आणि म्हणूनच जास्त जड गेला. त्या वेळी हो म्हटलं असतं तर रात्री अंथरुणात सुखाने झोपले असते, आणि पुन्हा माझ्या कुठल्याही वस्तूबद्दल मला कुणी विचारलं नसतं. "येतेय मी," म्हटलं आणि फोन ठेवला.

विळद घाट. चढ तसा फार मोठा नाही, गाडीतून जाताना कळतही नाही. मी अर्ध्यात उतरले आणि ढकलायला लागले. पैज टेम्पोची होती, चालण्याची नव्हती. झेंडू विकून परत चाललेला एक पिकअप शेजारी थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"मावशी, टाका माघं. नगरलाच चाललोय."

"नको दादा."

"नवस हाय का?"

"नवस नाही. पैज आहे."

"कुनाबरं?"

"मुलाबरोबर. गाडीत घालून आणली तर विकायची म्हणतो."

त्याने मागे बघितलं. ट्रक सुसाट येत होते. "मंग नका बसू," तो म्हणाला. "पन मी माघं माघं येतो. ह्यांना मानूस दिसत न्हाई." आणि तो खरोखर आला. दोन्ही दिवे लुकलुकत ठेवून, पहिल्या गिअरवर, माझ्या मागे घाट संपेपर्यंत. मागचे हॉर्न वाजवत होते, तो खिडकीतून हात काढून त्यांना कडेने जायला सांगत होता. माथ्यावर मी थांबले तेव्हा मला रडू आलं. त्याने मला पाण्याची बाटली दिली, उरलेली फुलं कॅरिअरला खोचली आणि निघून गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

नागापूरपासून रस्ता माझ्या पायांना पाठ आहे. सावेडीत दिवे लागले होते, मुलं आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरत होती. सुभाष आणि वैभव फाटकात उभे. वैभवने आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्यावर मागे टेम्पो दिसतो का ते बघितलं, मग सायकलचा काळा पडदा बघितला.

"मोटर बंद आहे?"

"काल सकाळपासून."

"राहात्यापासून अशी आणलीस?"

"घाटात ढकलत."

सुभाष आत गेला आणि कोमट पाण्याची बादली घेऊन आला. माझ्या पायांशी ठेवली. मी पाय बुडवले.

आता हिशेब. मोटरीचा भाग यायला वेळ लागणार आहे, पाणी मारल्यामुळे वॉरंटीत बसणार नाही, गुडघा चार दिवस सुजला होता. पुन्हा जाईन का? जाईन, पण नवमी टाळून. तुम्ही गेलात तर राहात्याचे पेरू घ्या आणि घाटात पाठीमागे लाल कापड लावा. कंपनीबद्दल विचाराल, तर मोटर रिजेक्ट, सांगाडा पास.

परवा वैभव चहा घेता घेता म्हणाला, "आई, ऑफिसमधला एक जण विजेवरची जुनी गाडी घेतो, बिघडलेलीही चालते म्हणाला. तुझी द्यायची का?"

सुभाषने पेपर खाली घेतला. दोघं माझ्याकडे बघत थांबले, माझं उत्तर येईपर्यंत.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," वैभव म्हणाला आणि ऑफिसमधल्या त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.