एका बाजूची खाच

रविवार, ३ सप्टेंबर १९७८. पोळ्याचा दुसरा दिवस, दुपारी दोन. हजर: आमचे हे, समोरचे पोस्टातले काका, ड्रॉइंग मास्तर, गल्लीच्या टोकाचे किराणावाले आणि मी. पत्त्यांचे दोन जोड, चिंचोके डबाभर, कप पाच, चिवडा.

हे माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी तेव्हा एका शाळेत हेडक्लार्क होते आणि घरातलं कामही वहीत लिहिल्याशिवाय हाती घेत नसे. त्याच पानावर वरच्या बाजूला कामांची यादी आहे: प्लाय, पट्ट्या, बिजागऱ्या, हिरवी बनात, सरस, चुका, मिस्त्री, तिघांना निरोप. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे.

त्या वर्षी जानेवारीत यांना लकवा मारला. वाचा गेली नाही. पाय दोन महिन्यांत काठीवर चालू लागला. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. यांचं घराणं उमरेडच्या विणकरांचं, हे स्वतः गिरणीत मागांवर देखरेख करणारे जॉबर. तुटलेला धागा बोलता बोलता जोडणारा माणूस शर्टाच्या बटणासाठी मला हाक मारू लागला.

आमच्या पुढच्या खोलीत बारा वर्षं रविवारी दुपारी रमी चालायची. सतरंजीवर चौघे, पैशाचा खेळ नाही, चिंचोक्यांचा. हे तेरा पत्ते डाव्या हातात पंख्यासारखे धरायचे आणि नुसत्या अंगठ्याने हवा तो पत्ता वर काढायचे. लकव्यानंतर खाली बसणं संपलं. तिघे काही रविवार आले, खुर्च्यांवर बसले, औषधांची चौकशी करून गेले. मग यायचे थांबले. एप्रिलमध्ये डाव समोरच्या व्हरांड्यात सुरू झाला. आमचा विचार करून ते हळू बोलायचे, पण पत्ते आपटून "शो!" म्हणताना कोणाला हळू म्हणता येत नाही. तो आवाज आला की हे खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करायचे. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम त्यांनी सोडला. मग जेवताना बोलणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, असेच बसून राहिले तर आहे तेही जाईल.

मला एवढंच हवं होतं की हे पुन्हा चौघांत बसावेत.

घरात जेवणाचं टेबल होतं, वर सनमायका. त्यावर पत्ता पडला की चिकटून बसतो, एका हाताने उचलता येत नाही. मी करून पाहिलं. आपला डावा हात पाठीशी धरून तेरा पत्ते मांडायला बसले आणि दहा मिनिटांत रडकुंडीला आले. तेव्हा काय काय लागेल ते कळलं. टेबलावर ठेवायचं झाकण हवं, वर बनातीचं मऊ लोकरी कापड, कारण त्याच टेबलावर जेवायचं होतं आणि झाकण रोज काढावं लागणार होतं. मला एकटीला उचलता यावं म्हणून दोन भाग, मध्ये बिजागऱ्या. सरकू नये म्हणून खालून कड. आणि यांच्या बाजूला चार इंच रुंद सागाची पट्टी, तिच्यात सव्वा फूट लांब खाच, किंचित मागे कललेली. तेरा पत्ते तिच्यात उभे राहतील, यांना दिसतील, शेजारच्याला दिसणार नाहीत. हात एकच पुरेल.

दिवस पोळ्याचा धरला, रविवारी येणारा दुसरा. आमच्याकडे पोळ्याला वर्षभर पत्त्याला न शिवणारेही बसतात. त्या दिवसाच्या बोलावण्याला कोणी नाही म्हणत नाही.

मिस्त्री खाप्याचा. पोळ्याआधी त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. दुसऱ्या दिवशीच्या, पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करून घ्यायला अख्खी वस्ती त्याच्या दारात. तो शिंगं न बसवलेल्या बैलांच्या रांगेत बसून माझी खाच पटाशीने कोरत होता.

"बाई, चारही बाजूंले मारून देऊ का खाच?"

"तिघांचे हात धड आहेत. त्यांले कशाले?"

"दिसाले बरं दिसते. बाकी तीन बाजूंले इंचभर पट्टी अन् इकडे चार इंच, वेडंवाकडं वाटते जी."

"किती दिवस लागतील?"

"दोन दिवस वाढतीन. बैल द्या लागते ना पयले. पोराइले काय सांगू, शिंगं बाईच्या टेबलात गेले म्हणून?"

"मग राहू द्या. मले पोळ्यालेच पाहिजे."

घरी यांना काही सांगितलं नव्हतं. झाकण शेजारणीकडे ठेवून बनात ताणली, चुका मारल्या. ठोकण्याचा आवाज ऐकून यांनी एकदा विचारलं, "काय ठोकून राहिली वं?" मी म्हटलं, पाटाचं काम आहे.

तर रविवारी दोन वाजता तिघे आले. मी झाकण मांडलं, हिरवं गार, कोपऱ्यांत चिंचोक्यांच्या वाट्या. हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाचेवरून बोट फिरवलं.

"पाट केला म्हणे हिनं," ते म्हणाले.

"पाट नाही गा, पालखी आहे ही," किराणावाले म्हणाले. "तू आता राजा. आम्ही सतरंजीवाले."

"राजाले पत्ते कोण वाटते मग?" ड्रॉइंग मास्तर म्हणाले. "वाट, वाट. सात महिने झाले याले हरवून."

किराणावाल्यांनी पत्ते वाटले. यांनी एकेक पत्ता उचलून खाचेत लावला. वेळ लागला, पण पत्ते उभे राहिले. मी दारात उभी होते. तीन-चार फेऱ्यांनंतर यांनी शेवटचा पत्ता बनातीवर आपटला. "शो!"

सात महिन्यांत मी यांचा तेवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. पोस्टातल्या काकांनी चिंचोके यांच्या वाटीत टाकले. "घे गा, लुटून राहिला आल्या आल्या."

आणि मग तिघेही उठले.

बारा वर्षांचा त्यांचा नियम होता. डाव संपला की प्रत्येकाने उजवीकडे एक जागा सरकायचं, नशीबही सरकतं म्हणून. मी बारा वर्षं त्या सतरंजीभोवती चहा दिला होता. कप कुठल्या जागी ठेवायचा हे दर डावाला बदलायचं, त्यावरून मी त्यांना टोमणेही मारले होते. तिघे खुर्च्या मागे सारून अर्धवट उभे राहिले आणि तिघांच्याही एकदम लक्षात आलं. खाच एकाच बाजूला होती.

"बसा ना, आज कशाले बदलता," पोस्टातले काका म्हणाले.

"हो हो, याच्यासाठी आज नियम माफ," किराणावाले म्हणाले.

"काहून?" हे म्हणाले. "बदला. माफी कोणी मागितली?"

त्यांनी काठी घेतली, उठले आणि उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथे इंचभराची पट्टी. मास्तरांनी पत्ते वाटले. यांनी तेरा पत्ते उजव्या हातात गोळा केले, छातीशी धरले आणि हनुवटीने पसरवायला गेले. पत्ते घसरले. सगळे बनातीवर उताणे पडले, राजा, राणी, दश्शी, सगळ्यांसमोर. तिघांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. किराणावाल्यांनी तर चिवड्याच्या ताटलीत तोंड घातलं.

"चहा आण वं," हे म्हणाले आणि आत निघून गेले.

चहा मी तिघांना दिला. तेवढ्यात तान्ह्या पोळ्याची मुलं लाकडी बैल ओढत दाराशी आली. मी त्यांच्या हातावर खाऊ ठेवत होते आणि बैलांची शिंगं पाहत होते. चांगली घोटून बसवली होती. तिघे त्या गर्दीतून वाट काढत गेले.

संध्याकाळी यांनी माझ्याकडे न वळता विचारलं, "आम्ही जागा बदलतो, माहीत नव्हतं तुले?"

"माहीत होतं."

"मग?"

मी सांगितलं की मिस्त्री चारही बाजूंना करायला तयार होता, मीच नको म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मिस्त्रीकडे गेले. तो गावी गेलेला, गणपतीनंतर येणार होता. आल्यावर त्याने चार इंची सागाच्या तीन पट्ट्या रंधा मारून आणून दिल्या, खाचांच्या रेघा पेन्सिलीने आखून. या वेळी मी यांना आधी विचारलं. पट्ट्या समोर ठेवल्या. त्यांनी एक उचलून नखाने रेघ ओढून पाहिली.

"खाचा मारायच्या नंतर मार," ते म्हणाले. "आधी त्यांले विचार, येतीन का. अन् माझ्यासमोर नको विचारू."

वहीत नवी ओळ लिहिली: तिघांना विचारणे.

शाळेत मी इन्स्पेक्टरला तोंडावर उत्तरं देत असे. गल्ली ओलांडून तीन ओळखीच्या माणसांना एक प्रश्न विचारणं मला तीन रविवार जमलं नाही. ते हो म्हणाले तर कशासाठी म्हणतील, याची मला भीती वाटत होती. चौथ्या रविवारी गेले. व्हरांड्याच्या पायरीशी पोचले तेव्हा एक डाव नुकताच संपला होता आणि माणसं हसत, खुर्च्या सरकवत जागा बदलत होती. माणसं चार होती. चौथा मास्तरांचा साडू, कामठीहून बदलून आलेला. तो सरकून बसला, पत्ते डाव्या हातात घेऊन पसरवले.

"या ना वहिनी," पोस्टातले काका गडबडीने म्हणाले. "काही पाहिजे होतं?"

"आजचा पेपर," मी म्हटलं.

पेपर घेऊन घरी आले. यांनी विचारलं, "मग?"

"घरी नव्हते कोणी."

त्याच वेळी समोरून "शो!" ऐकू आलं, साडूचा आवाज, जाडसर. यांनी माझ्या हातातल्या पेपरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. झाकण घडी करून कपाटामागे गेलं.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. पोस्टातले काका त्यांच्या आधी गेले, किराणावाले मुलाकडे राहायला गेले. ड्रॉइंग मास्तर प्रताप नगरात आहेत, बसने अर्धा तास. दर दिवाळीला फराळ द्यायला जाते. दोन खोल्या आहेत, टेबल आहे, ते एकटेच पत्ते मांडत बसलेले असतात. निघताना दर वेळी विचारायचं ठरवते: त्या दिवसांत मी विचारलं असतं, तर तुम्ही तिघे आला असता का? डबा रिकामा करून घेते, चपला घालते, येते म्हणते.

तीन पट्ट्या सुतळीने बांधून माळ्यावर आहेत. पेन्सिलीच्या रेघा अजून दिसतात. नवीन वही घेतली की जुनीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. या वर्षीही पहिली ओळ तीच आहे, फक्त तिघांच्या जागी एक केलं आहे: मास्तरांना विचारणे.