भावाच्या नावावर चढणारा सूर

सदर इसम, नामे धम्मदीप अंबाजी ओव्हाळ, वय एकेचाळीस, राहणार लोणावळा, व्यवसाय व्हायोलिन-शिक्षक, हे जात्यावरच्या ओव्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आधारित नवीन रचना चार तंतुवाद्यांसाठी करीत असून तद्द्वारे लोकपरंपरेचे जतन व संवर्धन करीत आहेत. इतकं कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेच्या पत्रकात होतं. सदर इसमाला आठवडाभर धड झोप नाही, हे नव्हतं.

कारण ओवीतली एक जागा. तिथे बाईचा आवाज एकदम वर जाई आणि क्षणभर रेंगाळून खाली येई. तो सूर त्यानं व्हायोलाला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या, खर्जातल्या वाद्याला, दिला होता आणि सगळी रचना त्यावरच उभी होती. गाणारी बाई म्हणजे भाजे गावची सरूबाई, त्याची सख्खी आत्या. संस्थेला तिची संमतीची सही हवी होती, आणि दोन्ही घरांत कैक वर्षं बोलणं नव्हतं.

तरी तो गेला. आत्या ओट्यावर वाल सोलत होती. त्यानं मोबाइलवर तालीम ऐकवली.

"शब्द न्हाईत व्हय रं यात?"

"नाहीत आत्या. नुसते सूर."

"मग हितं तुझा बाप कशाला आला?"

धम्मदीपनं तालीम थांबवली.

"भावाचं नाव आलं की आवाज वर जायचा माझा. लय कौतिक त्याचं. पुढं त्यानं माझी सही घेतली आन् आमचा दोघांचा माळ बंगलेवाल्याला इकला. तुझं फिडल बी त्याच माळाच्या पैशातलं."

"आबा गेले आता, आत्या."

"गेला ना? मग ह्यातनं बी काढ. सही देते."

त्यानं तो सूर रचनेतून काढला. उरलेली चाल कर्ता माणूस उठून गेलेल्या घरासारखी बसून राहिली. परत घातला. मळवलीच्या रेल्वे फाटकात अडकला असताना पुन्हा काढला. व्हायोला वाजवणारी प्रेरणा शेवटी म्हणाली, "सर, तो सूर आज आहे की नाही, तेवढं सांगा."

काढला तर रचना जात होती. ठेवून सही मागायची, तर बापाचंच काम पुढं न्यायचं. शुक्रवारी त्यानं संमतीचा कागद संस्थेला कोराच परत केला आणि सगळं नव्यानं लिहायला बसला. पत्रकं छापून झाली होती, ती संस्थेनं तशीच वाटून टाकली.

रविवारी कार्यक्रमात वाजलेल्या रचनेत जुन्या ध्वनिमुद्रणातला एकही सूर नव्हता.