शेवटच्या ओळीनंतरचं एन्टर

माझ्या मामेसासऱ्यांइतका बांधाबांधीचा सोस असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. अमरावतीत ते संगणकाचे वर्ग घेत आणि फावल्या वेळात जावा या संगणकाच्या भाषेत फॉर्मसाठी छोटे छोटे तयार भाग बनवत. कधी तारखेचा रकाना, कधी रक्तगटाची यादी. आपण केलेला भाग कुणीही उचलावा, फॉर्मवर माउसनं ओढून ठेवावा आणि कोडची एक ओळही न लिहिता तो चालावा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी प्रत्येक भाग ते जार नावाच्या, गाठोड्यासारख्या फाइलमध्ये असा बांधत, की जणू मुलगी सासरी निघाली आहे. सोबत त्याचं चित्र, मराठीत माहिती आणि आत काय काय आहे याची यादी. एकदा घाईत मी नुसता कोड मागितला, तर म्हणाले, "सुटं देत नाई मी, जावईबापू."

परीक्षेला मामी बसत. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, म्हणूनच त्यांची नेमणूक झालेली. पोळ्या अर्धवट टाकून त्यांनी यायचं, माउस धरायचा आणि तो भाग फॉर्मवर नेऊन सोडायचा. त्या अडखळल्या की मामा स्वतःला नापास करत आणि सगळं सोडून नव्यानं बांधायला घेत. घरातल्या प्रत्येक माउसला कणीक लागलेली असे.

अकोल्याच्या एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ नसरीनताई मामांच्या जुन्या विद्यार्थिनी. पेढीचे फॉर्म त्या स्वतः जुळवत. रक्ताच्या पिशवीचा नंबर टाकला की गट, मुदत आणि फ्रीजमधला कप्पा दाखवणारा, मुदत संपली असेल तर लाल होणारा रकाना मामांनी त्यांना करून दिला होता. पेढीत नवा संगणक आला तेव्हा तो रकाना नव्यानं बसवायला आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं गेलो. मामांचं मनगट दुखत होतं, म्हणून या खेपेला जारमधली यादी मी टाइप केली होती. मामी माहेरी होत्या, त्यामुळे परीक्षाही झाली नव्हती.

जार फाइल घातली, पण फॉर्मशेजारच्या तयार भागांच्या पट्टीत रकाना दिसेना. काढून पुन्हा घातली, तरी नाही. जुन्या संगणकातलं तर सगळं पुसून टाकलेलं. तेवढ्यात खिडकीशी एक माणूस आला. बहिणीला बाळंतपणासाठी बाळापूरहून आणलं होतं, रक्त थांबत नव्हतं, चिठ्ठीवर बी निगेटिव्ह लिहिलेलं. चिठ्ठी आणि बहिणीच्या रक्ताचा नमुना नसरीनताईंनी त्याच्याकडून घेतला.

"सर, आता काय करू?" त्यांनी विचारलं. 

मामा खुर्चीवरून उठले. "मशीन राहू दे, पोरी. फ्रीज उघड. तू वाच, मंग मी वाचतो. दोघांचं जुळलं तरच पिशवी बाहेर."

कप्प्यामागून कप्पे उघडले. त्या गटाच्या तीनच पिशव्या निघाल्या. पहिलीची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. नसरीनताईंनी ती बाजूला ठेवली. उरलेल्या दोन्हींवरची तारीख आधी त्यांनी वाचली, मग मामांनी एकेक आकडा लावून वाचली. बहिणीच्या नमुन्याशी रक्ताची जुळवणी नसरीनताईंनी हातानं केली, वहीत नोंद केली आणि पिशव्या गेल्या. आम्ही तिघं खिडकीकडे बघत बसलो. कुणी चहासुद्धा मागवला नाही. दुपारी तोच माणूस येऊन सांगून गेला, की रक्त थांबलंय, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

मग मामांनी यादी उघडली. शेवटच्या ओळीनंतर मी एन्टर मारलं नव्हतं. तेवढं राहिलं की यंत्र ती ओळ वाचतच नाही, आणि माझ्या यादीत रकान्याची ओळखच शेवटच्या ओळीत होती. मामांनी एन्टर मारलं, जार पुन्हा बांधली आणि रकाना दिसला. नसरीनताईंना ते म्हणाले, "माफ कर. बांधताना चूक झाली माझी." मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, मी म्हणालो, "मामा, ती यादी मी टाइप केली होती."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "तुमी सांगता का नाई, तेच पाहून राहिलो होतो."

एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्यांना झोप लागली. दिवसा पापणी न लवणारा हा माणूस थकतोही, हे मला तेव्हा कळलं. डोक्याचं वजन फारसं नव्हतंच. बडनेरा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.