केवळरामचे हलवलेले दगड

कोंढ्याजवळच्या टेकडीवर गुरं चारताना केवळराम तिथं येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायचा. गुप्तधन शोधणारे पूजेचं लिंबू घेऊन येतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यांना चकवायला त्यानं हजारो वर्षांपूर्वीच्या दफनाचं दगडी वर्तुळ मोडून दगड इकडेतिकडे लोटले होते.

पुरातत्त्व सर्वेक्षणाला आलेली रिता म्हणाली, "काका, इथं जुनं काहीच नाही. टेकडी मुरमाच्या खाणीला जाईल."

दगडांमध्ये टिटवी अंड्यांवर बसली होती. प्रत्येक दगडाची मूळ जागा केवळरामला आठवत होती. पण हिला सांगावं का?

"पोरी, पिशवी दाखव."

टेप, ब्रश आणि लिंबू निघालं.

"हे कायले?"

"सरबताला."

त्यानं लिंबू तिच्या बाटलीत पिळलं. ती प्यायली, तेव्हाच त्यानं मूळ जागी न्यायला पहिल्या दगडाला हात घातला.